चोथा खाली बसेपर्यंत

सोमवार, ४

दट्ट्या अर्ध्यावर अडकला. मी जोर लावला. झाकण वाकडं झालं आणि कॉफी उसळून मनगटावर आली, ओट्यावर सांडली, भिंतीवर उडाली. हात नळाखाली धरला. बायको दारात उभी होती.

"नवीन भांडं आहे," ती म्हणाली. "आधी ओळख तरी होऊ द्या. पहिल्याच दिवशी मारामारी कशाला?"

चूक माझी. भरड फार बारीक दळली होती. या दट्ट्याच्या भांड्याला, फ्रेंच प्रेसला, जाड्या मिठासारखी भरड लागते, नाहीतर जाळी चोथ्यात रुतते आणि दट्ट्या खाली जात नाही. हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो. आज स्वतः पीठ केलं. बारीक दळली तर वास जास्त उतरेल असं वाटलं.

प्रेस का आणला ते लिहून ठेवतो. मी कॉफी चाखतो, तीच माझी नोकरी. मळ्यांतून कच्च्या बियांचा माल कंपनीत येतो. त्याचा नमुना भाजतात, दळतात, कपात घालून वरून उकळतं पाणी ओततात. चोथा वर येऊन थर धरतो. थोड्या वेळाने नाक कपाला लावून चमच्याने तो थर फोडायचा. खरा वास त्या क्षणी बाहेर येतो. मग घोट ओढायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा. माल घ्यायचा की परत पाठवायचा हे टेबलावरचे दोघे ठरवतात. एक बाई, एक मी. बाई म्हणजे ज्यांनी मला हे काम शिकवलं त्या. कंपनीत सगळेच त्यांना बाई म्हणतात.

तापातून उठलो तेव्हापासून नाक बंद आहे, वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. येतंय. गुरुवारी रजा संपते. त्याआधी घरी, कोणी बघत नसताना, तपासून पाहायचं आहे. टेबलावरच्या कपाला सगळ्यांत जवळचं भांडं हेच. यातही कॉफी पाण्यात बुडून मुरते. कागदातून गाळायची भानगड नाही, त्यामुळे तेल कॉफीतच राहतं.

जाड भरड दळून दुसऱ्यांदा केली. चोथा फोडला, नाक लावलं. वाफ आली. गरम होती.

झाकणाला प्लास्टिक आहे. ते वास ओढून घेत असणार.

बुधवार, ६

प्रेस धुऊन, पुसून, खोक्यात घालून भांड्यांच्या दुकानात नेला. दुकानदार ओळखीचा. वयाने माझ्याहून फार लहान नसेल, पण मला काका म्हणतो.

"काय झालं काका, गळतो?"

"नाही."

"जाळी सुटली?"

"नाही. वास येत नाही त्यात."

त्याने झाकण काढलं आणि आत नाक घातलं. "येतोय की. चांगला दणदणीत येतोय."

"तसा नाही. पूर्ण येत नाही."

"पूर्ण म्हणजे कसा?" त्याने माझ्याकडे बघितलं. मग प्रेस खोक्यात परत ठेवला. "हे बघा, भांडं आणि जावई एकदा घरात घेतलं की परत पाठवता येत नाही. दुसरा दाखवू?"

त्याने स्टीलचा दाखवला. दुहेरी भिंतीचा. आत प्लास्टिक कुठेही नाही, जाळीही दोन पदरी, कडेला स्प्रिंग. पडला तरी फुटायचा नाही. दट्ट्या वर-खाली करून बघितला, घसरत नाही, अडत नाही. घेतला.

"आता वास नाही आला तर काका, मी जबाबदार नाही," दुकानदार म्हणाला. हसत होता.

शुक्रवार, ८

काल टेबलावर बसलो.

पहिल्या कपावर वाकलो. थर फोडला. काही नाही. दुसरा. काही नाही. नाकातून वाफ आत जाते आणि कुठे लागत नाही, रिकाम्या खोलीत कोणी फिरून परत यावं तशी. पण जीभ शाबूत आहे. आंबट, कडू, गोड कळतं. कॉफी तोंडात जड की पातळ ते कळतं. एवढ्यावर मळ्याची उंची ओळखता येते. उंचावरचा माल. अशा मालाला संत्र्याच्या सालीचा वास असतोच. मी लिहिलं, संत्र्याची साल.

बाईंनीही तेच लिहिलं होतं.

खोलीबाहेर आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. इतका आनंद पगारवाढीनेही कधी झाला नव्हता. वास आला होता. नक्की आला होता.

आज घरी स्टीलच्या प्रेसमध्ये तोच नमुना केला. संत्रं नाही. काही नाही. दुहेरी भिंतीत कॉफी फार वेळ गरम राहते आणि फार गरम कॉफीचा वास नीट कळत नाही. हे खरं आहे. हे मी नव्या लोकांना शिकवतोही.

मुलीने कप उचलून घोट घेतला. "बाबा, मस्त झालीय. काय नाटकं करताय?"

काल मला वास आला की आठवला?

रविवार, १०

दूध करपलं. मी स्वयंपाकघरातच बसलो होतो, शेगडीकडे पाठ करून, प्रेसची जाळी घासत. जाळीचे पदर सुटे करून घासावे लागतात, मध्ये जुनी कॉफी अडकते आणि खवट होते. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिथून धावत आली, शेगडी बंद केली, पातेलं नळाखाली धरलं. खोलीभर धूर होता. तो मला तेव्हा दिसला.

मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिने दुधाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "होतं असं."

तिचा स्वभाव असा नाही. एरवी वाटीभर दूध उतू गेलं तरी आठवडाभर ऐकावं लागतं.

मंगळवार, १२

बायकोला अलीकडे स्वच्छतेचं खूळ लागलंय. फ्रिजमधल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, कधी केलं ते लिहून. सकाळी मी निघताना शर्टाची कॉलर नाकाला लावून बघते आणि दुसरा शर्ट काढून देते. काल मी फ्रिजमधलं उरलेलं सूप गरम करायला घेतलं तर हातातून पातेलं काढून घेतलं. म्हणे मुलीसाठी ठेवलंय. मग ते मोरीत ओतून दिलं.

आज ऑफिसला जाताना विचारलं, "बाईंचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

"कशाला?"

"त्यांचे गुडघे दुखायचे ना? कुठल्या डॉक्टरकडे जातात ते विचारायचं होतं. माझा पण दुखतोय."

नंबर दिला. गुडघा दुखतोय हे मला माहीत नव्हतं. आपल्याच दुखण्यात इतका बुडालोय की घरात कोणाला काय होतंय ते दिसत नाही. लाज वाटली.

दुपारी ऑफिसच्या कपाटातून व्हिनेगरची बाटली काढली आणि हुंगली. झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, आलं, परत आलं. मग कळलं की झोंबणं म्हणजे वास नाही. झोंबणं कुणालाही होतं. स्वच्छतागृहात जाऊन काडी ओढली, विझवली. धूर दिसला. साबण हुंगला. हाताची बोटं हुंगली. घरी आल्यावर बायको खुर्चीत बसली असताना मागून जाऊन तिच्या केसांत नाक घातलं. लग्न झाल्यापासून तो वास माझ्या ओळखीचा आहे, त्याला नाव नाही.

केस नाकाला टोचले. तेवढंच.

"काय हो?" ती म्हणाली.

"काही नाही."

ती मान न वळवता बसून राहिली. मी तसाच उभा राहिलो. मग चहा करायला गेलो.

गुरुवार, १४

चिनी मातीचा प्रेस आणला. जाड आहे, पांढरा. माती वास धरत नाही आणि देतही नाही. तोटा एकच, आत काय चाललंय ते दिसत नाही.

मुलगी म्हणाली, "घरात तीन प्रेस झाले. आता छापखाना काढा."

बायको हसली नाही. "असू दे ग," म्हणाली. "त्यांना हवंय तर असू दे."

नाही. यातही नाही. पाणी बदललं, भाजणी बदलली, जास्त वेळ मुरवली, कमी वेळ मुरवली. दट्ट्या दाबायच्या आधी थर फोडून हुंगलं, दाबल्यावर हुंगलं, निवल्यावर हुंगलं. आता भांड्याला दोष देता येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी ओट्यावर तिन्ही मांडून मी एकापुढून दुसऱ्यापुढे वाकत होतो. खिडकीच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. कुत्र्यासारखं दिसत होतं. कुत्र्याला निदान नाक असतं.

मला दुसरं काहीही येत नाही. हे लिहून बघितलं. अक्षर सरळ आलंय.

शुक्रवार, १५

आज टेबलावर एक विचित्र गोष्ट झाली. बाई बोलल्या.

आमच्या टेबलाचा एकच कडक नियम आहे. दोघांचं लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. हूं नाही, उसासा नाही, भुवई उचलायची नाही. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला तोच वास यायला लागतो, नाक इतकं भोळं असतं. हा नियम मला बाईंनीच शिकवला. पहिल्या वर्षी मी नुसता खाकरलो होतो, तर त्यांनी मला बाहेर काढून दार लावून घेतलं होतं.

आणि आज त्या चौथ्या कपावर वाकल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ओलं लाकूड. अगदी ओलं लाकूड." मी वर बघितलं. त्या पुढच्या कपाकडे गेल्या होत्या. "इथं मध," म्हणाल्या.

ऐकू येण्याइतकं होतं. चांगलंच ऐकू आलं.

मी ओलं लाकूड लिहिलं. दुसरं काय लिहिणार होतो?

सोमवार, १८

बाई आजही बोलल्या. प्रत्येक कपावर. हळू, पण स्पष्ट, शाळेत शुद्धलेखन सांगतात तसं. शेवटी मला राहवलं नाही.

"बाई, आपण बोलत नाही ना टेबलावर?"

"बोलले का मी?" त्या म्हणाल्या. "वय झालं रे. तोंडातून निघतं."

त्यांचं वय झालेलं नाही. गोदामाच्या दारातून पोत्याकडे बघून सांगतात कुठल्या मळ्याचं ते. हे मुद्दाम आहे. मला वाटतं त्यांना माझा संशय आला असावा आणि त्या मला जाळ्यात पकडताहेत. आज मध म्हणतील, उद्या मुद्दाम चुकीचं काहीतरी म्हणतील, मी तेच लिहीन आणि उघडा पडेन.

साहेब निकाल बघायला आले. म्हणाले, "तुमचं दोघांचं अलीकडे शब्दाला शब्द जुळतंय. कौतुक आहे." बाई चमचे धूत होत्या. मान वर केली नाही.

घरी बायकोला सांगितलं. नियम म्हणजे नियम, असं बरंच काही बोललो.

"उगाच नाकाने कांदे सोलू नका," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता गप्प झाली. पुढे घाईघाईने म्हणाली, "म्हणजे, बोलल्या तर बोलू द्या की. तुमचं काय जातंय? बिचाऱ्या एकट्या असतात."

तिला टेबल म्हणजे काय ते कळायचं नाही.

बुधवार, २०

साहेबांकडे तक्रार केली. विचार करून केली. बाई टेबलावर बोलतात, त्यामुळे माझ्या निर्णयावर परिणाम होतो, हे मालाच्या दृष्टीने योग्य नाही. एवढंच म्हणालो. प्रत्येक शब्द खरा होता.

मला वाटलं ते बाईंना समज देतील. ते म्हणाले, "माझ्याही कानावर आलं होतं. निवृत्तीला आल्याच आहेत. उद्यापासून गोदामात साठ्यावर बसवतो, हलकं काम आहे. दुसरा माणूस मिळेपर्यंत टेबल तुम्ही एकटे सांभाळाल ना?"

मी हो म्हणालो. तोंडातून निघालं.

संध्याकाळी घरी सांगितलं. बायको भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि स्टुलावर बसली.

"काय केलंत तुम्ही हे?"

"नियमाप्रमाणे केलं."

"एकदा विचारायचं तरी मला."

"तुला काय विचारायचं? तुझा काय संबंध?"

ती उठून आत गेली. दार लावलं. बराच वेळ फोनवर बोलत होती, बहुतेक तिच्या बहिणीशी. रडत असावी. बाईंबद्दल तिला एवढं वाटतं हे नवीन आहे. गुडघ्याच्या डॉक्टरवरून ओळख वाढली असेल.

गुरुवार, २१

एकट्याने टेबल केलं. पांढरे कप, समोरची खुर्ची रिकामी. किती शांत होतं. आतापर्यंत माझं लक्ष बाईंच्या चेहऱ्याकडे असायचं हे मला आज कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी एखादी रेष हलायची, तीही आता नाही.

येताना पहिला काचेचा प्रेस कपाटातून काढला. आता मला काच हवी. वास नाही तर नाही, डोळे आहेत. चोथ्याचा थर किती फुगतो ते बघायचं. फेस फिकट की गडद. दट्ट्या खाली गेल्यावर वर तेलाची चकाकी येते का. रंग लालसर की मातकट. डोळे आणि जीभ मिळून नाकाचं काम चालवता येईल. आंधळे लोक कानाने रस्ता ओलांडतातच.

मुरायला ठेवली आणि काचेसमोर डोळे लावून बसलो. चोथा एकेक कण सोडत खाली बसत होता. बघण्यासारखं होतं. ज्याला वास येतो तो हे बघत नाही.

जमेल.

शुक्रवार, २२

मोठा माल आला. वाटेत गाडीवरचं कापड फाटलं होतं, काही पोती भिजल्याचा संशय. भिजलेल्या पोत्यात बुरशी धरते आणि कॉफीला कुबट वास येतो, जुन्या बंद कपाटासारखा. तो चवीत कमी, नाकात जास्त. एवढा एकच दोष असा आहे की ज्यासाठी नाकच लागतं.

साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. सोमवारी सकाळी गाडी भरून गिऱ्हाइकाकडे पाठवायची आहे."

सगळे कप बघितले. थर चांगला फुगला. फेस बदामी. तेल होतं. जिभेवर गोड, आंबटपणा बेताचा, जडपणा बरा. प्रत्येक कप पुन्हा पुन्हा चाखला. कुबट असेल असं वाटावं असं कुठेच काही नव्हतं.

लिहिलं, स्वच्छ. खाली सही केली.  

रविवार, २४

दुपारी बाई आल्या. बायकोने दार उघडलं आणि दोघी दारातच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. त्या दोघी एकमेकींना इतक्या ओळखतात हे मला माहीत नव्हतं.

मला वाटलं भांडायला आल्या. मी उभा राहिलो. माफी मागायचं ठरवलं होतं ती तोंडात आली नाही.

"तुझे प्रेस बघू," बाई म्हणाल्या. "गावभर बोभाटा आहे."

स्वयंपाकघरात तिन्ही दाखवले. त्यांनी स्टीलचा उचलून ठेवून दिला. मातीच्या प्रेसचं झाकण काढून बघितलं, लावलं. काचेचा घेतला.

"हाच बरा. आतलं दिसतं, धुवायला सोपा, फुटला तर रडू येत नाही. भांड्यात एवढं काय शोधत होतास?"

मी मातीच्या प्रेसचं झाकण उगाच सरळ केलं.

पर्समधून त्यांनी कागदाची पुडी काढली. भाजलेल्या बिया. स्वतःच दळल्या, जाड. पाणी उकळलं, थोडं थांबल्या, ओतलं. थर वर आला. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. कॉफी मुरेपर्यंत बायको टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. बाईंनी दट्ट्या दाबला, सावकाश, एका वेगाने, जसा दाबायला हवा तसा. तीन कप भरले.

"बोलायचं नाही कोणी," त्या म्हणाल्या. "टेबल आहे हे."

आणि खुर्ची फिरवली. माझ्याकडे पाठ करून बसल्या.

म्हणजे मी त्यांचा चेहरा वाचायचो, तेही त्यांना माहीत होतं.

बायकोने कप तोंडाशी नेला, खाली ठेवला, उठून खिडकीपाशी गेली आणि खिडकी उघडली. आज उकाडा नव्हता.

मी चाखली. घोट ओढला, फिरवला. पुन्हा ओढला. बाईंच्या पाठीकडे बघत राहिलो. राखाडी कार्डिगन, खांद्यावर एक धागा निघालेला. पाठीवरून काही कळत नाही.

"सांग," त्या म्हणाल्या.

"गोड आहे. आंबटपणा बेताचा. बदाम."

"आणि?"

"स्वच्छ आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्या वळल्या नाहीत. "शुक्रवारचा माल आहे हा. काल गोदामात पोतं उघडलं तेव्हा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. हमालसुद्धा नाकाला फडकं लावून काम करत होते."

खिडकीशी उभी असलेली बायको रडत होती. आवाज नव्हता, खांदे हलत होते.

मी कप खाली ठेवला. मग मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

बाईंनी खुर्ची फिरवली. आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कळलं," म्हणाल्या.

"म्हणून टेबलावर..."

"बडबडायची सवय आहे मला. तक्रार झालीय तशी."

मी टेबलावर डोकं टेकलं. कपाची कड कपाळाला लागली. बाईंनी कप बाजूला केला.

"तुम्हीच सांगा साहेबांना," मी म्हणालो. "तुमचं ऐकतील."

"माझं कशाला ऐकतील? टेबलावरून काढलेली बाई मी. राग धरून बोलतेय म्हणतील. सही तुझी आहे. गाडी सकाळी भरणार." त्या उठल्या. गुडघा धरून उठल्या, तो खरंच दुखतो. "नाक येईल की नाही मला माहीत नाही. डॉक्टरला पण माहीत नाही, तो पैसे घेतो आणि नाक येईल म्हणतो. मी फुकट सांगते, माहीत नाही."

दारात बायको त्यांना म्हणाली, "मी तुम्हाला उगाच यात..."

"गप ग," बाई म्हणाल्या. "जा, त्याला जेवायला घाल."

जेवण गेलं नाही. बायकोने आग्रह केला नाही. मुलगी मैत्रिणीकडून आली, आमचे चेहरे बघितले आणि आपल्या खोलीत गेली. कपांतली कॉफी कोणी ओतून दिली नव्हती. मी उरलेली सगळी प्यालो. गार. गोड, बेताची आंबट, बदाम. मला अजूनही ती चांगलीच लागते.

खरं लिहायचं तर लिहितो. गाडी जाऊ द्यावी असंही मनात येतं. लोक दूध घालतील, साखर घालतील. कोणी मरणार नाही. ओरड झालीच तर वाटेत भिजला म्हणता येईल. मला आणखी एक महिना मिळेल. महिन्यात नाक येऊ शकतं. आणि सांगितलं तर उद्या दुपारपासून मी कोण? ज्या कामाला मी नाक पुढे करून गेलो, तिथे नाक नसलेला माणूस काय करणार? घरी बसून कुठला प्रेस चांगला ते लोकांना सांगणार?

बायको शेजारी येऊन बसली.  मी म्हणालो, "तुझ्या केसांचा वास आठवत नाहीये."

"मला कुठे माहीत आहे तो," ती म्हणाली. "तो तुम्हालाच माहीत होता."

सोमवार, २५

सकाळी लवकर गेलो. अर्धी गाडी भरून झाली होती, ती थांबवली आणि पोती उतरवायला लावली. साहेबांनी कारण विचारलं. सांगितलं. त्यांनी एका पोत्यात मूठ घालून बिया हुंगल्या, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आता तुमचं काय करायचं?  मग त्यांनीच गोदामातून बाईंना बोलावलं. टेबलावर दुसऱ्या मालाचे कप मांडलेले होते. बाई बसल्या, चमचा घेतला आणि मला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? पाणी ओत, निवतंय." मी सगळ्या कपांत पाणी ओतलं आणि मागे सरकलो.